निरंक

"दुखायला लागलं की आधी मला फोन करायचा," मोरिसेत म्हणाली. "दवाखान्याला मागाहून."

अनूकच्या हातात बादली होती, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट होते आणि भोवती एकवीस शेळ्या होत्या. पोट एवढं पुढं आलेलं की बादली त्याच्यावर टेकवूनच ती चालत होती.

"तुम्हाला कशाला फोन, मादाम? सुईणपण येतं का तुम्हाला?"

"मला लिहिता येतं," मोरिसेत म्हणाली.

मी गाडीला टेकून हे ऐकत होतो. मोरिसेत फोझरास म्हणजे आमच्या गावकचेरीतली कारकून; तिचा उजवा गुडघा वसंतात नवा बसवलेला, डॉक्टरनं तिला गाडी चालवायला मनाई केलेली, म्हणून मी. मी वेर्नाद गावाचा उपमेयर. उपमेयरचं काम म्हणजे मेयर कचेरीत नसले की ते नाहीत असं सांगायचं, आणि असले की गाडी चालवायची.

कचऱ्याच्या पिशव्या वाटायला आलो असं निमित्त होतं. खरं तर गावाच्या पिशव्या सप्टेंबरातच वाटून झाल्या होत्या. अनूकला हे तिसरं बंडल मिळत होतं.

"घरीच झालीस बाळंत तर काय बिघडतं?" मोरिसेतनं विषय सोडला नाही. "घर आहे, शेगडी आहे, गरम पाणी आहे."

"गरम पाणी नाहीये. टाकी जूनपासून बंद आहे."

"पाणी मी आणते."

"आणि सुईण?"

"एक आहे. नव्वद किलोमीटरवर. मी केला होता तिला फोन."

"माझ्यासाठी? काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा विमा डोंगर चढत नाही."

अनूक हसली. तिचा नवरा लोइक गोठ्यातून बाहेर आला आणि त्यानं मला विचारलं, "आज काय, पुन्हा पिशव्या?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "गावाला आमच्याबद्दल नक्की काय वाटतं? एवढा कचरा करतो आम्ही?"

परत येताना मोरिसेत गाडीत एकच वाक्य बोलली. "डिसेंबरच्या मध्याला तारीख आहे. म्हणजे बसतंय."

काय बसतंय ते सांगतो.

वेर्नादच्या गावकचेरीत तीन रजिस्टरं आहेत. जन्माचं, लग्नाचं आणि मृत्यूचं. मृत्यूचं दणकून चालतं. लग्नाचं अधूनमधून. जन्माचं मात्र बेबेरवर येऊन थांबलंय. बेबेर म्हणजे आमचा रस्ते साफ करणारा माणूस. गवत कापायचं, नाल्या उपसायच्या, बर्फ काढायचा, सणाला झेंडा लावायचा, सगळं तोच. तो जन्मला त्या फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बंद होता, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जन्मला, आणि त्याचं नाव आमच्या रजिस्टरात लागलं. त्याच्यानंतर सगळी बाळंतपणं शहरात. मूल जिथं जन्मतं तिथल्या कचेरीत त्याची नोंद होते, आईबाप कुठले का असेनात. म्हणजे गावात पोरं खेळायची, शाळेत जायची, आमच्या सफरचंदांवर दगड मारायची, पण कागदोपत्री ती सगळी सत्तर किलोमीटरवरच्या शहराची. मोरिसेतची स्वतःची मुलगीसुद्धा.

बेबेर त्रेपन्न वर्षांचा आहे. कॅफे होता तेव्हा तो तिथं ऐटीत सांगायचा, "रजिस्टरप्रमाणे या गावातला सर्वांत तरुण माणूस मीच."

तर नियम असा की वर्षभरात एकही जन्म झाला नाही तरी रजिस्टर उघडावं लागतं आणि बंद करावं लागतं. एकतीस डिसेंबरला मोरिसेत पट्टी घेऊन बसायची, वर्ष लिहायची, खाली लिहायची 'निरंक', मेयर सही करायचे आणि शिक्का मारायचे. बेबेरनंतर बावन्न निरंक झाले. त्यातले बत्तीस मोरिसेतच्या हातचे. तिचं अक्षर असं की शहरातून तपासायला आलेला साहेब एकदा म्हणाला होता, "मादाम, इतका देखणा निरंक मी उभ्या जिल्ह्यात पाहिला नाही."

तिनं त्या दिवशी त्याला कॉफी दिली नाही.

आणि आता हे शेवटचं वर्ष होतं. एक जानेवारीपासून वेर्नाद कॉर्बियाकमध्ये विलीन होणार होतं. आम्ही एकसष्ट डोकी, ते अकराशे. त्यांच्याकडे औषधाचं दुकान, पावाची भट्टी आणि बंबवाले, इकडे रुग्णवाहिकाही तेच चालवतात. आमच्याकडे चर्च, आणि त्याची किल्ली हरवलेली. ठरावावर आम्ही सात सदस्यांनी मत दिलं, चार विरुद्ध तीन. कोण चार आणि कोण तीन ते मी सांगणार नाही, कारण एकमेकांशी बोलणं नुकतंच सुरू झालंय.

विलीन झालं तरी जुन्या गावाला आपली कचेरी आणि आपली रजिस्टरं ठेवता येतात. त्यासाठी फॉर्मवर एका चौकटीत खूण करायची असते. ती चौकट कागदाच्या मागच्या बाजूला होती. मोरिसेत बत्तीस वर्षांत एकदाच रजेवर गेली, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, पाच दिवस. त्याच पाच दिवसांत आमचे मेयर मार्साक यांनी फॉर्म भरला, पुढच्या बाजूला सुरेख सही केली आणि टपालात टाकला.

"कागदाला मागची बाजू असते, मेयरसाहेब," परत आल्यावर मोरिसेत म्हणाली.

"मला वाटलं ती कोरी असते," मार्साक म्हणाले.

त्यांनी जिल्हा कचेरीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की आपली तत्परता कौतुकास्पद आहे, मुदत मात्र संपलेली आहे. मोरिसेतनं ते फाइलला लावलं. मेयरवर ती चिडली नाही. ती चिडत नाही कोणावर; पुढचे दोन महिने त्यांच्या कॉफीत साखर घालायला विसरायची, एवढंच.

त्याच सुमारास अनूकला दिवस गेल्याचं कळलं. आणि मोरिसेतनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागायचं ठरवलं. रजिस्टर कायमचं बंद होण्याआधी त्यात एक जन्म, तिच्या हातानं. एकच. निवृत्तीची तारीखही तीच होती, एकतीस डिसेंबर.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडलं. बेबेर कचेरीत आला, टोपी काढली, आणि मेयरना म्हणाला, "मी म्हणतो, शेळीवाल्यांच्या वाटेवरचं बर्फ काढायलाच पाहिजे का?"

मेयर मार्साक खिडकीबाहेर बघायला लागले. "म्हणजे कसं?"

"म्हणजे राहिलं एखादे दिवशी. माझी कंबर धरू शकते. मी असाच जन्मलो की."

"मी हे ऐकलं नाही," मेयर म्हणाले. "उपमेयर, तुम्ही ऐकलंत?"

मी म्हटलं, मी तर आलेलोच नाही अजून.

मोरिसेतनं लिहिता लिहिता मान वर केली. "बेबेर, त्या वाटेवर सकाळी सहाला पहिलं फावडं पडलं पाहिजे. आणि मिठाची पोती दोन जास्त."

"पण मादाम मोरिसेत, तुमच्यासाठीच म्हणत होतो."

"मला मूल पाहिजे. प्रेतं लिहायला दुसरं रजिस्टर आहे, आणि ते भरलेलंच आहे."

बेबेर टोपी घालून निघून गेला. त्या आठवड्यात वेर्नादच्या चर्चची पायरी, शाळेचा उतार आणि मेयरांचं स्वतःचं अंगण बर्फानं गच्च भरलेलं होतं, पण शेळीवाल्यांची वाट अशी स्वच्छ की त्यावर ताट ठेवून जेवावं.

सतरा तारखेला सकाळी साडेनऊला कचेरीतला फोन वाजला. लोइक होता.

"मादाम, झालं."

"काय झालं? दुखायला लागलं?"

"नाही, झालं. मुलगी. गाडीत. बंबवाले आलेत, दोघींना शहरात नेतायत. चांगल्या आहेत दोघी. मी रस्त्यावर बसलोय. मला उठता येत नाहीये."

"कुठल्या रस्त्यावर?" मोरिसेत उभी राहिली होती.

"मोठा रस्ता. तीन बीचची झाडं आहेत ना, त्यांच्यापाशी. गाडी घसरली, आडवी झाली, आणि मग…"

"लोइक, नीट ऐक. गाडी हलवायची नाही."

"पण रस्ता अडलाय."

"अडू दे."

तीन बीचच्या झाडांपाशी मोठा रस्ता सहाशे मीटर शिवेवरून जातो. शहराकडे तोंड करून उभं राहिलं की उजवी बाजू आमची, डावी कॉर्बियाकची, आणि शीव मधून. दीडशे वर्षं यानं कोणाचं काही अडलं नव्हतं. एकदा एक मेलेलं रानडुक्कर बरोबर मधोमध सापडलं होतं, तेव्हा दोन्ही गावांनी ते आपलं नाही असं तीन दिवस लेखी कळवलं होतं.

मी गाडी काढली. मोरिसेतनं कपाटातून गावाचा जुना नकाशा घेतला, पत्र्याच्या नळकांड्यातला, आजोबाच्या आजोबाच्या काळातला. बेबेर मागं टेप घेऊन बसला. मेयर म्हणाले, मी फोनपाशी थांबतो. मेयर संकटात कायम फोनपाशी असतात.

आम्ही पोचलो तर तिथं कॉर्बियाकची जिस्लेन आधीच उभी. जिस्लेन म्हणजे त्यांच्या कचेरीतली मोरिसेत, फक्त वीस वर्षांनी लहान आणि लाल चष्म्याची. तिला बंबवाल्यांनी सांगितलं होतं. तिच्या हातात टॅब्लेट होता आणि त्यावर नवा नकाशा.

"अभिनंदन," जिस्लेन म्हणाली. "आमच्याकडे अठ्ठावीस वर्षांनी झाला एक जन्म."

"तुमच्याकडे?" मोरिसेतनं नळकांड्याचं झाकण उघडलं.

लोइकची व्हॅन रस्त्यावर आडवी पडल्यासारखी उभी होती. नाक आमच्या नालीत, मागचं दार कॉर्बियाकच्या कुंपणाकडे. लोइक मैलाच्या दगडावर बसला होता. बंबवाल्यांनी त्याच्या खांद्यावर ते चंदेरी पांघरूण टाकलेलं होतं. तो चंदेरी कागदात गुंडाळून भाजलेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

"लोइक," मोरिसेतनं विचारलं, "अनूक कशी झोपली होती? डोकं कुठं, पाय कुठं?"

"डोकं माझ्या सीटकडे. पाय दाराकडे."

"म्हणजे आई वेर्नादमध्ये होती," मोरिसेत जिस्लेनला म्हणाली.

"आईचं डोकं वेर्नादमध्ये होतं, मादाम फोझरास," जिस्लेन शांतपणे म्हणाली. "मूल तिकडून येत नाही."

मोरिसेतनं नकाशा गाडीच्या टपावर पसरला. चष्मा बदलला. मग तिनं बोट ठेवलं. रस्ता रुंद केला तेव्हा तो फक्त आमच्या बाजूनं रुंद केला होता. आमच्या एका शेतकऱ्याची सात झाडं त्यात गेली होती आणि तो मरेपर्यंत त्याबद्दल बोलत होता. म्हणजे शीव आताच्या रस्त्याच्या मधून जात नाही. जुन्या रस्त्याच्या मधून जाते. जुना रस्ता डावीकडे होता.

"टेप धर, बेबेर. कॉर्बियाकच्या कुंपणापासून."

बेबेरनं टेप धरला. दोन मीटर दहा. तिथं मोरिसेतनं पायातल्या बुटानं बर्फावर रेघ ओढली. व्हॅनचं मागचं दार रेघेच्या अलीकडे की पलीकडे ते सांगता येईना. दार उघडंच होतं आणि रेघेवर लोंबत होतं.

"आता प्रश्न असा," जिस्लेन म्हणाली, "की दारापासून किती आत."

सगळ्यांनी लोइककडे पाहिलं. लोइक म्हणाला, "मी तेव्हा टेप नव्हता धरला."

शेवटी बेबेर झोपला. व्हॅनमध्ये जागा नव्हती, तिथं अजून सगळं तसंच होतं, म्हणून तो व्हॅनच्या बाजूला, रस्त्यावर, डोकं ड्रायव्हरच्या सीटच्या रेषेत ठेवून उताणा झोपला. अंगात त्याचं ते नारिंगी जाकीट.

"गुडघे वर घे," मोरिसेत म्हणाली.

त्यानं घेतले.

"अनूक एवढी लांब नाही," जिस्लेननं हरकत घेतली. "हा एक मीटर ऐंशी आहे."

"थोडं आकुंचन पाव, बेबेर."

"माझ्या पाठीखाली बर्फ आहे, मादाम."

"तिच्याही पाठीखाली काही मऊ नव्हतं."

तेवढ्यात दुधाचा टँकर आला आणि थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली. रस्त्यावर पाय फाकून झोपलेला बेबेर, त्याच्या गुडघ्यांमध्ये टेप धरून वाकलेली मोरिसेत, बाजूला टॅब्लेटवर बोट फिरवणारी जिस्लेन, चंदेरी कागदातला लोइक. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला.

"मेलाय का?" त्यानं मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "बाळंत होतोय."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.

तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. रेघेपासून एकतीस सेंटिमीटर. आमच्या बाजूला. एक वीत आणि वर थोडं.

जिस्लेननं स्वतः टेप धरून चौथ्यांदा मोजलं. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "घ्या, मादाम फोझरास. तुमचीच. तसंही एक तारखेपासून तुम्ही सगळेच आमचे."

मोरिसेतनं हे ऐकलंच नाही. ती लोइकपाशी गेली, त्याच्या डोक्यावरचं बर्फ झटकलं आणि विचारलं, "नाव काय ठेवताय?"

"ब्रूम."

"ब्रूम म्हणजे? धुकं?"

"सकाळी होतं ना धुकं."

"हो, होतं," मोरिसेत म्हणाली, आणि मनातल्या मनात ते नाव लिहून बघत असावी, कारण तिचं बोट हातमोज्यात हलत होतं.

मेयरना सांगितलं तर ते म्हणाले, "धुकं? पोरगी की शेळी?" पण त्यांनी तळघरातून एक चांगली बाटली वर आणली.

*

वडिलांनी पाच दिवसांत कचेरीत येऊन जन्म सांगायचा असतो. मोरिसेतनं दुसऱ्याच दिवशी नवी शाई उघडली. कच्च्या कागदावर मसुदा केला: अमुक तारखेला, नऊ वाजून बारा मिनिटांनी, मोठ्या रस्त्यावर, तीन बीचच्या झाडांपाशी, वेर्नादच्या हद्दीत. मला वाचून दाखवला. मग मला 'हद्दीत'च्या आधी स्वल्पविराम हवा का असं विचारलं. मी म्हटलं, बत्तीस वर्षं थांबलीयस, घाल की एक.

लोइक चौथ्या दिवशी आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, हातात शहरातल्या दवाखान्याचं पाकीट.

"बस," मोरिसेत म्हणाली. पेन उचललं. "तुझं पूर्ण नाव."

"मादाम, ते झालंय."

"काय झालंय?"

"नोंद. त्यांनी तिथंच केली. दवाखान्यात एक बाई येते, वॉर्डावॉर्डात फिरते, सगळ्यांची नोंद करते, म्हणजे बापांना हेलपाटा नको. मी झोपलो होतो खुर्चीत. तिनं उठवलं, म्हणाली, इथं सही करा. मी केली." त्यानं पाकिटातून दाखला काढला. "मी मागून वाचलं."

दाखल्यावर होतं: जन्मस्थान, शहराचं नाव. वेळ, अकरा वाजून पाच मिनिटं. ती बंबवाल्यांची गाडी दवाखान्याच्या दारात शिरल्याची वेळ होती.

मोरिसेतनं पेन खाली ठेवलं नाही. डाव्या हातानं फोन उचलला. शहराच्या कचेरीत तीन जणींकडून फिरत फिरत तो एका तरुण पोरीकडे गेला. मोरिसेतनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

"चूक नाहीये, मादाम," पोरगी म्हणाली. "संगणकात जन्मस्थान यादीतून निवडावं लागतं."

"मग वेर्नाद निवडा."

"थांबा हं." बटणांचा आवाज आला. "वेर्नाद नाहीये यादीत."

"असं कसं नाही? मी तिथूनच बोलतेय."

"हां, हे बघा. यादी महिन्याच्या सुरुवातीलाच नवी आलीय. तुमचं एक जानेवारीपासून विलीन होतंय ना? काढून टाकलंय. कॉर्बियाक दिसतंय. कॉर्बियाक टाकू का?"

मोरिसेत म्हणाली, "नको. दुरुस्ती कशी करायची?"

"सरकारी वकिलांकडे अर्ज. सहा ते आठ महिने लागतात."

"तोवर आम्ही नसू."

"अरे. तुमची तब्येत ठीक नाही का?"

"माझी नाही. गावाची."

"मग अर्ज कोण करणार?" पोरीनं खरोखर काळजीनं विचारलं. चांगली पोरगी होती. तिच्याकडे या वर्षी चौदाशे जन्म लिहून झाले होते, आमचं धरून.

लोइकनं खुर्ची पुढं ओढली. "मादाम, तुम्ही लिहा ना. इथंही लिहा. मी सही करतो. कोण बघणार आहे?"

मेयर मार्साक दारात उभे होते. ते म्हणाले, "लिहा, मोरिसेत. शिक्का मी मारतो. मागची बाजू बघून मारतो."

त्यांनी हे विनोदानं म्हटलं नव्हतं. बिचारे मनापासून बोलत होते. मोरिसेतनं रजिस्टरकडे पाहिलं, मग दाखल्याकडे. मला वाटलं, लिहील. मी तर मनात म्हणत होतो, लिही बाई, या देशात कोणाला पत्ता लागणार आहे.

"एका माणसाचे दोन जन्म लिहिले," ती म्हणाली, "की पुढं प्रत्येक कागदाला त्या पोरीला सिद्ध करत बसावं लागेल की ती दोघीजणी नाही. शाळेत, नोकरीला, लग्नात." पेनाचं टोपण लावलं. "लहान आहे ती. तिच्यामागं मी कशाला लागू?"

लोइक म्हणाला, दुसरंही एक काम होतं. शेळ्यांचा पत्ता बदलायचा फॉर्म. तो आणि अनूक मार्चमध्ये खाली राहायला जाणार होते, शहराच्या जवळ, अनूकच्या बहिणीच्या शेतावर. अनूक म्हणाली होती, परत एकदा रस्त्यावर नको.

"बरोबर आहे तिचं," मोरिसेत म्हणाली, आणि तिनं तो फॉर्म भरला. एकवीस शेळ्यांचे एकवीस कानातले नंबर, न चुकता, एकही खाडाखोड न करता. कागद उलटून मागची बाजूही भरली.

*

एकतीस डिसेंबरला दुपारी मी कचेरीत गेलो, ते सामान हलवायला. सामान म्हणजे दोन कपाटं, एक नकाशाचं नळकांडं आणि खिडकीतलं एक झाड. कॉर्बियाकची गाडी चारला येणार होती. मेयर सही करून गेले होते. त्यांना घरी पाहुणे होते, आणि शिवाय त्यांना तिथं उभं राहवत नव्हतं.

मोरिसेतचं जन्माचं पान लिहून झालं होतं. अक्षर नेहमीसारखंच. मी ते वाचलं नाही, वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ती अजून लिहीत होती.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"कोरी पानं."

रजिस्टरात मागं अठ्ठ्याऐंशी कोरी पानं उरली होती. बेबेर जन्मायच्या आधीच्या कुठल्यातरी मेयरनं, गावात पोरं होत होती त्या काळात, जाड रजिस्टर मागवलं होतं. रजिस्टर कायमचं बंद करताना प्रत्येक कोऱ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारावी लागते. नंतर कोणी त्यात काही लिहू नये म्हणून.

"कोण लिहिणार आहे नंतर?" मी म्हटलं.

"कोणी नाही."

"मग दे इकडे, अर्धी मी मारतो. गाडी येईल."

"तुझी वाकडी येईल," ती म्हणाली.

तर मी खुर्ची घेऊन बसलो. तिनं पट्टी ठेवली, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, पट्टी अलगद उचलली म्हणजे शाई फरफटू नये, टिपकागद दाबला, थांबली, पान उलटलं. पुढचं पान. पट्टी, रेघ, टिपकागद. बाहेर कॉर्बियाकच्या गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला. मी उठून खिडकीतून हात केला, थांबा म्हणून, आणि किती वेळ असं त्यांनी हातानंच विचारलं.

मी मागं वळून पाहिलं. तिचं अजून एकोणतिसावं पान वाळत होतं.